धूसर चित्रातला उजवा पाय

अण्णांचा खुबा मोडल्याला तीन आठवडे झाले होते आणि आमचा खोंड मामाच्या गोठ्यात जाऊनही साधारण तेवढेच. अण्णा म्हणजे माझे वडील. गोठ्यातल्या ओल्या फरशीवर पाय घसरला, एवढंच झालं होतं. खोंडाचा त्यात काही दोष नव्हता. पण ऑपरेशननंतर दीड महिना पाय टेकायचा नाही असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि शर्यतीचा खोंड नुसता दावणीला बांधून ठेवता येत नाही. त्याला रोज फिरवावं लागतं, घाम काढावा लागतो. म्हणून आईचा धाकटा भाऊ टेम्पो घेऊन आला आणि त्याला घेऊन गेला. आमचं गाव सांगली जिल्ह्यात, मामाचं साताऱ्यात. मध्ये दोन तासांचा रस्ता.

खोंडाचं नाव मी इथं लिहीत नाही. आमच्या भागातल्या मैदानांवर त्याला ओळखणारी माणसं आहेत.

मी कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे घरात काहीही बिघडलं, म्हणजे मिक्सर, शेगडी, इन्व्हर्टर, तर ते तसंच झाकून ठेवलं जातं आणि मी आले की माझ्यापुढे येतं. मी सिव्हिलला आहे, हे मी अनेकदा सांगितलंय. त्याचा काही उपयोग झालेला नाही.

त्या शनिवारी संध्याकाळी घरी पोचले तेव्हा अण्णांची खाट सोप्यात, म्हणजे पुढच्या खोलीत, टीव्हीच्या समोर आणलेली होती.

"उद्या मैदान हाय," ते म्हणाले. "तुझा मामा खोंड पळवतोय. टीव्हीवर नीट दिसलं पायजे."

"दिसंल की."

"न्हाई दिसत. मागल्या मैदानाचं बगितलं मी. बैल पळत्यात का ढेकळं पळत्यात, कळत न्हाई."

आमच्याकडे आता बैलगाडीच्या बहुतेक मोठ्या शर्यती मोबाईलवर थेट दाखवतात. सकाळपासून संध्याकाळपर्यंत समालोचन चालू असतं, आणि शेतात, गोठ्यात, दुकानात लोक ते लावून बसलेले असतात. आमचा टीव्ही जुना आहे. त्याला मागून एक काळा डबा जोडलाय, बिस्किटाच्या पुड्याएवढा, त्यातून इंटरनेटवरचं सगळं टीव्हीवर येतं. तो डबा मीच जोडला होता.

मला वाटलं, पडून राहिलेल्या माणसाला विरंगुळा हवाय. जेवताना आईनं खरी गोष्ट सांगितली.

गेल्या आठवड्यात मामा फोनवर बोलता बोलता हसत म्हणाला होता की खोंड उभ्या उभ्या कधीकधी उजवा पुढचा पाय हलका ठेवतो, माशा लय झाल्यात. मामाच्या दृष्टीनं तेवढ्यावर विषय संपला. अण्णांच्या दृष्टीनं तिथून सुरू झाला. त्यांनी दुसऱ्या दिवशी फोन करून शर्यतीला नेऊ नकोस म्हणून सांगितलं. मामानं जनावरांच्या डॉक्टरला दाखवलं. सूज नाही, ताप नाही, चालतोय. मग मामा म्हणाला, पैरा ठरलाय, आता माघार कशी घ्यायची. शर्यतीत दोन वेगवेगळ्या घरचे बैल एका छकड्याला जुंपतात, त्याला पैरा म्हणतात. एका घरानं ऐन वेळी नाही म्हटलं की दुसऱ्याची सगळी तयारी वाया जाते, आणि ते लोक विसरत नाहीत.

शेवटी दोघांचं असं ठरलं की खोंड पळू दे, अण्णा टीव्हीवर बघतील. त्यांना काही वावगं दिसलं तर पुढच्या फेरीला जुंपायचा नाही. दिसलं नाही तर परत पायाचं नाव काढायचं नाही.

"दुखऱ्या पायानं दोनदा पळला तर तो पाय पुन्हा येत न्हाई," आई म्हणाली. "चार वर्सं वाढवलाय त्यांनी. रात्रभर झोप न्हाई माणसाला."

मग मी ताट तसंच ठेवून टीव्ही लावला. जुन्या एका शर्यतीचा व्हिडिओ लावून पाहिला. अण्णा बरोबर होते. समालोचकाचा आवाज खणखणीत येत होता, पण छकडे सुटले की मातीचा, बैलांचा आणि माणसांचा एकच तपकिरी लगदा व्हायचा. सगळं थांबलं की चित्र जरा जुळायचं. पळायला लागलं की पुन्हा विस्कटायचं. मी डबा बंद करून चालू केला. राऊटरही बंद करून चालू केला. फरक पडला नाही. मी म्हटलं, सकाळी बघते, संध्याकाळी नेटवर गर्दी असते. हे मी कुठेतरी वाचलं होतं.

सकाळी गर्दी नव्हती आणि चित्र तसंच होतं.

मी घाबरले होते, हे मान्य करते. नेट आतल्या खोलीतून येत होतं, राऊटर लोखंडी कपाटावर, पिठाच्या डब्यांच्या मागे होता. लोखंडानं सिग्नल अडतो हे मला माहीत होतं. सापडलं कारण, असं वाटून मी वायर ओढत ओढत राऊटर सोप्यात आणला आणि टीव्हीच्या शेजारी स्टुलावर ठेवला. फोनवर नेटचा वेग मोजला. उत्तम होता. टीव्हीवर तोच लगदा.

मग मागची वायर बदलली. ती शेजारच्या काकूंच्या घरून मागून आणली. मग टीव्हीचा रंग, उजेड, असं जे जे बटणानं बदलता येतं ते बदललं. अण्णांचा चेहरा त्या उजेडात कधी निळा दिसायचा, कधी हिरवा.

"चित्र सुधारतंय का मला आजारी करतीयास?" ते म्हणाले.

शेवटी मी व्हिडिओच्या अॅपमध्ये जाऊन चित्राचा दर्जा वाढवायला गेले. तिथं यादीच छोटी होती. वरचे आकडे नव्हतेच, सगळ्यात मोठा होता तो दोनशे चाळीस. म्हणजे हे लोक दाखवतातच असं, असा मी निष्कर्ष काढला आणि तो जरा वरच्या पट्टीत जाहीरही केला. प्रक्षेपणच कमी दर्जाचं आहे, आपल्या हातात काही नाही, वगैरे. कॉलेजात तोंडी परीक्षेला उत्तर येत नसलं की मी अशीच भरभर बोलते.

अण्णांनी खाटेवरून मान पुढे काढली, कारण आमचा गट, म्हणजे पहिली फेरी, लागला होता.

सात छकडे उभे राहिले. समालोचकानं मामाच्या गावाचं नाव घेतलं. झेंडा पडला आणि सगळं पुन्हा मातीत मिसळलं. ओरडण्यावरून कळलं की कुणीतरी पुढे गेलं, मग समालोचक मामाच्या गावाचं नाव तीनदा म्हणाला. गट पास. म्हणजे दुपारी सेमीला पळायचं.

शेजारची काकू दारातून म्हणाली, "पेढं वाटा की आता."

अण्णांनी मान मागे टाकली. त्यांनी टीव्हीकडे न बघता विचारलं, "रेघ ओलांडल्यावर कसा थांबला?"

मी लगदा बघितला होता.

"पळताना कळत न्हाई, पोरी," ते म्हणाले. "पळताना जनावर दुखणं इसरतं. थांबताना कळतं. शेवटची दहा-वीस पावलं."

तेवढ्यात मामाचा फोन आला. मागे ढोल वाजत होते. "दाजी, बगितलं का? वाऱ्यागत गेला."

"बगितलं."

"मग? पायाचं काय?"

"दिसलं न्हाई रं. चित्र खराब हाय."

"आवं दाजी, आता चित्रावर ढकला," मामा हसला. "सेमी तीन वाजता हाय. मी पाणी दावून सावलीला बांधतो." आणि फोन बंद झाला.

अण्णांना खोटं बोलता आलं असतं. पाय दुखतोय असं म्हटलं असतं तर मामानं ऐकलं असतं कदाचित. पण न बघता त्यांनी म्हटलं नसतं, आणि मामालाही ते माहीत होतं, म्हणून तर तो त्यांच्या डोळ्यांवर सोडायला तयार झाला होता.

मी स्टुलाशेजारी जमिनीवर बसून राहिले. तेव्हा चुलीपुढून आई म्हणाली, "माझ्यात तर चाकाचं आरं बी दिसत हुतं."

"कशात?"

"फोनात. तुमी टीव्हीशी झगडत हुता, मी हितं बगितलं. लय मस्त पळाला." मग अण्णांना ऐकू जाईल असं म्हणाली, "मला कोण इचारतंय."

मी तिच्या हातातला फोन घेतला. भाकरीचं पीठ लागलेला तो छोटा पडदा, आणि त्यात बैलाच्या शिंगांवरचा रंगसुद्धा दिसत होता. तेच प्रक्षेपण. आमचंच नेट. मी लाजले. सकाळपासून मी चार गोष्टी बदलल्या होत्या, पण दोन पडदे शेजारी ठेवून बघायचं मला सुचलं नव्हतं. मी फोन अण्णांकडे नेला. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. त्यांनी फोन जवळ धरला, लांब धरला. "मुंग्या," ते म्हणाले आणि परत दिला.

पण आता एवढं नक्की झालं होतं की प्रक्षेपण चांगलं आहे, नेट चांगलं आहे. म्हणजे दोष डब्यात.

"नेट बसवायला आलेला माणूस होता ना," मी आईला विचारलं, "त्यानं डब्यात काय काय बदललं?"

"त्याला कुठं हात लावू दिला ह्यांनी? तो म्हणत हुता, काका, एकदा सेटिंग बगू द्या. हे म्हणालं, आमच्या पोरीनं लावलंय. तिनं लिवून ठेवलंय, हात लावायचा न्हाई. मग त्यानं नुसतं नेट जोडलं न् गेला."

"कुठं लिहून ठेवलंय?"

आईनं टीव्हीच्या खालच्या कडेकडे हनुवटी केली. तिथं दवाखान्यातल्या पांढऱ्या चिकटपट्टीनं एक कागद चिकटवलेला होता. सकाळपासून मी त्याच्याजवळून दहा वेळा वाकले होते आणि तो वाचला नव्हता. अक्षर माझं. 'यातील कोणतीही सेटिंग बदलू नये.' खाली रेघसुद्धा ओढली होती, दुहेरी.

आणि मग मला आठवलं. गेल्या दिवाळीत घरात नेट नव्हतं. टीव्ही माझ्या फोनच्या नेटवर चालायचा आणि ते दुपारपर्यंत संपायचं. म्हणून मी डब्याच्या सेटिंगमध्ये खोल जाऊन डेटा वाचवण्याचं एक बटण चालू केलं होतं. ते चालू असलं की चित्र मुद्दाम हलक्या दर्जाचं येतं आणि नेट पुरतं. कुणी चुकून बंद करू नये म्हणून कागद लावला. मग मी कराडला गेले, पुढे घरात वायरीचं चांगलं नेट आलं, आणि मी ते बटण विसरले. घर मात्र कागद विसरलं नव्हतं. वर्षभर ढेकळं पळताना बघितली, पण रिमोटच्या त्या भागात कुणी गेलं नाही.

मला हे लपवता आलं असतं. अण्णा विचारणार नव्हते. मी म्हणाले, "अण्णा, चूक माझीच आहे. मीच चित्र कमी करून ठेवलं होतं. दिवाळीत."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "लिवून बी ठेवलं हुतंस."

"हो."

"मग आता काढ. आमाला अधिकार न्हाई."

आई पदराआड हसली. मी सेटिंगमध्ये गेले, बटण बंद केलं, डबा पुन्हा चालू केला. अॅपची यादी उघडली तर तिच्यात आता वरचे आकडे आले होते. पाचेक सेकंद पडद्यावर चाक गोल गोल फिरलं आणि मग मैदान आलं. मी खरंच सांगते, त्या टीव्हीवर असं चित्र मी कधी बघितलं नव्हतं. कडेच्या बाभळीच्या फांद्या वेगळ्या दिसत होत्या. एका म्हाताऱ्या पंचाच्या खिशातला पेन दिसत होता.

दोन वाजून गेले होते. थेट प्रक्षेपण मागं नेता येतं, हे अण्णांना माहीत नव्हतं. मी रिमोटनं मागं मागं जात आमचा गट शोधला. सात छकडे पुन्हा उभे राहिले. मी वेग कमी केला, पाव पट. झेंडा सावकाश खाली आला.

आमचा खोंड डावीकडे जुंपला होता. आता तो मातीचा गोळा नव्हता. पाठीवरचा ठिपका ओळखू आला आणि आई चुलीपुढून उठून आली, पिठाच्या हातांनीच. अण्णांनी पळण्याकडे लक्ष दिलंच नाही. रेघ आली, गेली. कॅमेरा त्यांच्या मागून थोडा वेळ फिरत राहिला, मग दुसरीकडे वळला. तेवढंच, फार तर सहा-सात सेकंदांचं.

"परत," अण्णा म्हणाले.

मी परत लावलं.

"परत."

चौथ्या वेळी त्यांनी हात वर केला. "थांब. हितं. मान बग." मी पुढे सरकवत गेले, एकेक पाऊल. "डावा टेकला, मान खाली. उजवा टेकला, मान वर. बग. जोडीच्या बैलाची मान बग, सारखी हाय. ह्याची उचलतीया. पाय टेकायच्या आधी अंग चोरतोय त्यो."

मला पहिल्यांदा दिसलं नाही. दुसऱ्यांदा दिसलं. एकदा दिसल्यावर मग दुसरं काही दिसेना.

अण्णांनी फोन मागितला. मामानं तीन रिंगनंतर उचलला.

"सेमीला जुंपू नगंस," अण्णा म्हणाले.

"दाजी, आता?" मामाचा आवाज चढला. "गट पास झालाय. पैऱ्यावाला हितं फेटा बांधून उभाय. त्याला काय सांगू, दाजींनी टीव्हीत बगितलं?"

"त्याला काय सांगायचं ते मागनं बगू. तू एक कर. खोंडाजवळ हायस का?"

"हाय."

"उजव्या पुढच्या पायाच्या खुराची बेचकी. मागल्या बाजूनं अंगठा घाल आणि दाब. जोरात दाब."

"डॉक्टरनं बगितलंय दाजी."

"डॉक्टरनं पाय बगितला आसंल, बेचकी न्हाई. दाब."

फोनवर ढोल, कुणाचं तरी भांडण, समालोचकाचा आवाज. आई माझा दंड धरून उभी होती. मग घुंगरांचा एकदम मोठा आवाज आला आणि मामाची एक शिवी, जी मी इथं लिहीत नाही.

"दाजी."

"हं."

"पाय झटाकला त्यानं. आडवाच आला अंगावर." मामा म्हणाला, "आत कायतरी हाय. काळं. काट्याचं टोक दिसतंय."

"उपटू नगंस तिथं. मातीत घाण जाईल. डॉक्टरला काढू दे." आणि मग अगदी हळू, "पैऱ्यावाल्याकडं फोन दे. मी बोलतो."

तो फोन लांबला. अण्णा समोरच्याला 'पाटील' म्हणत होते आणि बहुतेक वेळ ऐकूनच घेत होते. तो माणूस बराच रागावला होता, हे आमच्यापर्यंत ऐकू येत होतं. अण्णांनी एकदाही आवाज चढवला नाही. शेवटी म्हणाले, "तुमच्या बैलाशेजारी लंगडा बैल पळवून तुमचाच छकडा उलथा झाला असता. ह्याचा पाय बरा झाला की पयला पैरा तुमच्याच बैलासंगं." तिकडून काय उत्तर आलं कळलं नाही. अण्णांनी फोन आईकडे दिला आणि डोळे मिटून पडून राहिले.

तीन वाजता सेमी झाली. सहाच छकडे सुटले. आमच्या तासात, म्हणजे आमच्या पट्ट्यात, नुसती माती होती आणि ती फार स्पष्ट दिसत होती. समालोचकानं मामाच्या गावाचं नाव घेऊन 'गैरहजर' असं सांगितलं. आईनं टीव्हीचा आवाज कमी केला.

"राहू दे," अण्णा म्हणाले. "तो पांढरा चांगला पळतोय."

संध्याकाळी टेम्पो आला तो मामाच्या गावाला न जाता सरळ आमच्या दारात. अण्णांनीच तसं सांगितलं होतं. वाटेत डॉक्टरनं काटा काढला होता, बाभळीचा, बोटाच्या पेराएवढा. मामानं तो कागदाच्या पुडीत आणून अण्णांच्या उशाशी ठेवला आणि चहा न घेता बाहेर टेम्पोशीच उभा राहिला. अण्णांनी त्याला आत बोलवायला दोनदा मला पाठवलं. तिसऱ्यांदा तो आला, खाटेच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "माशा म्हणलो मी."

"मी बी तितं आसतो तर माशाच म्हणलो आसतो," अण्णा म्हणाले.

ते खोटं होतं हे आम्हा सगळ्यांना कळत होतं. मामानं चहा घेतला.

डॉक्टरनं पाच दिवस सकाळ-संध्याकाळ पाय धुऊन औषध घालायला सांगितलं होतं. आई अण्णांचं बघणार की खोंडाचं, असा प्रश्न आला तेव्हा कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मीच म्हणाले की कराडला शनिवारी गेलं तरी चालेल. प्रॅक्टिकल बुडणार होतं, ते मी मनातच ठेवलं.

सोमवारी सकाळी आम्ही खाट फिरवून दाराशी लावली, म्हणजे अण्णांना अंगण दिसावं. मी कोमट पाण्याची बादली घेऊन खोंडाच्या पुढ्यात बसले. एवढं मोठं जनावर इतक्या जवळून मी याआधी कधी हाताळलं नव्हतं.

"आदी खांद्यावर हात ठेव," अण्णा खाटेवरून म्हणाले. "मग खाली ये. सावकाश. त्याला कळू दे तू कुठं हायस ते."

मी खांद्यावर हात ठेवला, मग गुडघ्यावर, मग खाली.

"इथं?"

"आजून खाली."

"इथं?"

खोंडानं पाय उचलला आणि माझ्या हातात दिला.